देहविक्रयाचा जमाखर्च

वेश्याव्यवसायाला कायद्याची मान्यता असावी की नसावी, हा वाद आपल्याकडे सहसा नीतीच्या व्यासपीठावर रंगतो, आणि उभयपक्षी आवेश इतका असतो की या धंद्यातील पैसा अखेर कोणाच्या पदरात राहतो, हे विचारण्याची सवड कोणालाच होत नाही. १९५६ च्या आपल्या कायद्यान्वये सज्ञान स्त्रीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय हा स्वतः गुन्हा नव्हे. परंतु कुंटणखाना चालविणे, सार्वजनिक जागी गिऱ्हाइकाला खुणावणे आणि दुसऱ्याच्या अशा कमाईवर जगणे हे सारे दंडनीय असून, हे शेवटचे कलम इतके व्यापक आहे की आईच्या मिळकतीवर शिकणारा अठरा वर्षांवरील मुलगाही अक्षरार्थाने त्याच्या कक्षेत येतो.

जो व्यवहार चोरटेपणाने करावा लागतो, त्यातील जोखमीचे मोल कोणीतरी वसूल करतोच. येथे ते घरवाली, दलाल, जागेचा मालक, सावकार आणि हप्ता घेणारा शिपाई यांच्यात वाटले जाते, आणि जिची फिर्याद कोणी दाखल करून घेत नाही तिच्या वाट्याला उरते ते सर्वांत शेवटी. कलकत्त्याच्या सोनागाछीतील स्त्रियांनी १९९५ साली ‘उषा’ ही सहकारी पतसंस्था काढली ती सावकारी व्याजाच्या याच फासातून सुटण्यासाठी. मान्यतेचा आर्थिक पक्ष मुख्यतः एवढाच आहे: करार, बँक आणि न्यायालय ही साधने स्त्रीच्या हाती आली की मधल्यांची दस्तुरी घटेल. त्याला एक अनपेक्षित पुरावाही मिळाला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात कायद्यातील एका फटीमुळे २००३ ते २००९ या काळात बंदिस्त जागेतील वेश्याव्यवसाय गुन्हा उरला नव्हता. त्या काळाचा अभ्यास करणाऱ्या स्कॉट कनिंगहॅम आणि मनीषा शहा या अर्थशास्त्रज्ञांना बाजार वाढलेला आढळला, पण त्याबरोबर नोंदलेले बलात्कार सुमारे ३० टक्क्यांनी आणि स्त्रियांमधील परम्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलेले आढळले.

बाजार वाढला, हीच गोष्ट विरोधकांच्या हाती येते. मागणी वाढली आणि स्वेच्छेने येणाऱ्यांची संख्या तिला पुरली नाही, तर उणीव फसवून आणलेल्या मुलींनी भरून निघते. सुमारे १५० देशांची तुलना करणाऱ्या २०१३ मधील एका अभ्यासात मान्यता असलेल्या देशांकडे मानवी तस्करीचा ओघ अधिक दिसला, यद्यपि अशा गुप्त व्यापाराची आकडेवारी कच्ची असते, हे त्या लेखकांनीच कबूल केले आहे. स्वीडनने १९९९ साली विकणारीला सोडून विकत घेणाऱ्यालाच दंडनीय ठरविले ते मागणी आटविण्याच्याच हेतूने.

जर्मनीचा अनुभव मला अधिक बोधक वाटतो. तेथे २००२ च्या कायद्याने मोबदला न्यायालयातून वसूल करण्याचा हक्क दिला, सामाजिक विम्याचे दार उघडले, तरी रीतसर नोकरीचा करार करणाऱ्या स्त्रिया अगदीच थोड्या निघाल्या. २०१७ पासून नोंदणी सक्तीची झाली, आणि २०१९ च्या अखेरीस सरकारदप्तरी सुमारे ४०,४०० नावे होती. प्रत्यक्षातील संख्येचे अंदाज याच्या कितीतरी पट आहेत. एकदा दप्तरात गेलेले नाव पुढे कोठे आणि कोणापुढे उघडेल याची धास्ती विम्याच्या लाभापेक्षा भारी ठरते. बॉन शहराने तर २०११ साली रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या स्त्रियांसाठी रात्रीच्या सहा युरोंचे तिकीट देणारे यंत्रच बसविले. म्हणजे दलाल गेला की नाही ते ठाऊक नाही, पण वाटेकऱ्यांत नगरपालिकेची मात्र भर पडली.

यापेक्षा न्यूझीलंडची वाट मला सरस वाटते. तेथे २००३ पासून चौघीजणींपर्यंत एकत्र येऊन, प्रत्येकीने आपापली कमाई आपल्याच ताब्यात ठेवून, परवान्याविना काम करता येते, त्यामुळे घरवालीची गरजच कमी होते; आणि २०१४ साली एका स्त्रीला कुंटणखान्याच्या चालकाने केलेल्या लैंगिक छळाबद्दल मानवी हक्क न्यायाधिकरणाने २५,००० डॉलरची भरपाई देवविली. मात्र तात्पुरत्या परवान्यावर देशात आलेल्या परदेशी स्त्रियांना याच कायद्याने हे काम निषिद्ध केले आहे, म्हणून ज्यांना दलालाचा धाक सर्वाधिक, त्यांनाच फिर्याद करण्याची चोरी. मुंबईच्या कामाठीपुऱ्यात नेपाळमधून आणि बंगालमधून आणलेल्या मुलींची भरती पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. उद्या येथे परवाने निघाले, तर अर्जासोबत प्रथम मागितला जाईल तो राहण्याचा दाखला, आणि त्यांतील कित्येकींपाशी नेमका तोच नसेल.