माऊसविना लेखन : संगणक कक्षातील काही उपयुक्त कळा

आपल्या निवासी शाळेतील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या घरी संगणक नाही. त्यांच्या वाट्याला येतात त्या केवळ कक्षातील मोजक्या तासिका. त्यातही हात वारंवार कळफलकावरून माऊसकडे जात राहिला, तर लिहिणे राहते बाजूला. पुढे लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे शासकीय प्रमाणपत्र मागितले जाते. गावातील टंकलेखन संस्थेत यंत्र बडवून ते पूर्वी मिळविलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हा वेग किती घाम काढतो हे सांगावयास नको. म्हणून आम्ही प्रारंभीच साधे नोटपॅड उघडून देतो आणि माऊस बाजूला ठेवावयास सांगतो.

मराठीसाठी आम्ही इनस्क्रिप्ट कळफलक शिकवितो. त्यात स्वरचिन्हे डाव्या हाताला व बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. इंग्रजी डी ही पाय मोडण्याची कळ, तर सी म्हणजे म. ‘धम्म’ लिहिताना शिफ्टसह ओ, मग सी, डी, सी एवढेच करावे लागते. कळफलक मराठी असला तरी कंट्रोल दाबून तीच ‘म’ची कळ दाबली की निवडलेल्या मजकुराची प्रत घेतली जाते. ‘न’ची कळ, म्हणजे व्ही, तो मजकूर चिकटविते, अनुस्वाराची कळ, म्हणजे एक्स, तो कापून घेते. त्यासाठी भाषा बदलावी लागत नाही, हे मुलांना प्रथम खरेच वाटत नाही.

कापणे-चिकटविणे ही कल्पना संगणकावर रुजविली ती अमेरिकेतील लॅरी टेस्लर व टिम मॉट यांनी, १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात. झेड, एक्स, सी, व्ही या कळा शेजारी-शेजारी व डाव्या हाताच्या टप्प्यात आहेत, ही सोय लक्षात घेण्यासारखी आहे.

मजकूर निवडण्यासाठी शिफ्ट व बाण पुरेसे आहेत. सोबत कंट्रोल धरल्यास एकेक शब्द निवडला जातो. देवनागरीत एक गंमत अशी की, ‘बुद्ध’ शब्दाच्या शेवटी बॅकस्पेस दाबल्यास केवळ ‘ध’ जातो व ‘बुद्’ उरते. मात्र ‘द्ध’च्या आधी उभे राहून डिलीट दाबल्यास सबंध जोडाक्षर नाहीसे होते. एवढे उमगले की चुकलेली वेलांटी सुधारण्यासाठी संपूर्ण शब्द पुसण्याची सवय सुटते.

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. प्रत्येक परिच्छेदानंतर कंट्रोल-एस दाबण्याचा आमचा आग्रह त्यामुळेच असतो.

शोधून बदलण्याची कंट्रोल-एच ही सोय मात्र आम्ही सर्वांत शेवटी शिकवितो. माता रमाईंवरील निबंधात ‘ते’च्या जागी आदरार्थी ‘त्या’ करावयाचे म्हणून ‘सर्व बदला’ दिले, तर ‘होते’चे ‘होत्या’ आणि ‘तेथे’चे ‘त्याथे’ होते! संगणक शब्द ओळखीत नाही, अक्षरे जुळवितो. कंट्रोल-झेडने बदल मागे घेता येतो खरा, पण जुन्या नोटपॅडमध्ये एकच पाऊल. तेव्हा अगोदर कंट्रोल-एस, मग एकेक जागा पाहून बदल.