पितळी वाद्यशिक्षण, शालेय

पितळी वाद्यशिक्षण, शालेय : माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांना बिगुल, ट्रंपेट, कॉर्नेट, ट्राँबोन, युफोनियम इ. पितळी सुषिर वाद्यांचे दिले जाणारे शिक्षण. निवासी शाळांत हे शिक्षण बहुधा अंशकालीन शिक्षकाकडून, सकाळच्या कवायतीच्या अगर सायंकाळच्या मोकळ्या वेळात दिले जाते. ‘पितळी’ ही संज्ञा धातूवरून रूढ झाली असली, तरी या वर्गाचे खरे लक्षण ध्वनिनिर्मितीच्या रीतीत आहे. वादकाचे ओठ मुखिकेत कंप पावून नळीतील हवेचा स्तंभ कंपित करतात. सॅक्सोफोन पितळेचा असूनही त्याचा ध्वनी वेताच्या पत्तीपासून निघतो, म्हणून त्याची गणना या वर्गात होत नाही.

पार्श्वभूमी : भारतात ही वाद्ये यूरोपीय सैन्याबरोबर आली. संस्थानिकांनी आपल्या दरबारी लवाजम्यात पितळी बँड ठेवले, तर पलटणींतून निवृत्त झालेल्या वादकांनी ही विद्या गावोगावी नेली. उत्तर प्रदेशातील मेरठ हे या वाद्यांच्या निर्मितीचे देशातील प्रमुख केंद्र बनले. स्वातंत्र्योत्तर काळात लष्करी वादकांच्या प्रशिक्षणाची सोय मध्य प्रदेशातील पचमढी येथे झाली.

मुलांना अशी वाद्ये नियमितपणे शिकविण्याची जुनी परंपरा गोव्यात आढळते. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या ग्रामशाळांतून मुलांना स्वरलेखन, गायन व वाद्यवादन शिकवीत. या शाळांचा मूळ हेतू उपासनेपुरता होता; तथापि त्यांतून तयार झालेले वादक पुढे पोलीस व लष्करी बँडांत, हॉटेलांतील वाद्यवृंदांत आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने प्रसिद्ध असलेले ट्रंपेटवादक आंतोनियु झेव्हियर वाझ (१९१६–६७) हे मूळचे गोव्यातील हळदोणे येथील. संगीतकार सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतात त्यांच्या वादनाचा मोठा वाटा होता.

महाराष्ट्रात निवासी शाळांतील बँडला सैनिकी शाळांमुळे स्थिर स्थान मिळाले. नासिकची भोसला सैनिकी शाळा १९३७ मध्ये, तर साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ मध्ये सुरू झाली. अशा शाळांत ‘बँडमास्टर’ हे स्वतंत्र पद असू शकते. ते पुष्कळदा कराराने भरले जाते. सर्वसाधारण शाळांची स्थिती निराळी आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या अनुसूचीनुसार इयत्ता सहावी ते आठवीमध्ये शंभरांहून अधिक मुले असलेल्या शाळेत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असणे अपेक्षित आहे. परंतु कला या एका शब्दात चित्रकला, गायन व वादन हे सर्वच विषय सामावतात. त्यामुळे पितळी वाद्यांचा शिक्षक नेमणे हे शाळेच्या इच्छेवर व ऐपतीवर अवलंबून राहते.

अध्यापनाची रीत : झडपा नसलेल्या बिगुलातून केवळ मूलस्वराच्या पटीतील उपस्वर निघतात. बिगुलाच्या सांकेतिक हाकांत वापरले जाणारे पाच स्वर भारतीय परिभाषेत सा, प, तार सा, तार ग व तार प असे मांडता येतात. हे स्वर बोटांनी नव्हे, तर ओठांच्या ताणाने व श्वासाच्या वेगाने बदलतात. म्हणूनच बिगुल हा सोपा दिसला, तरी कानाची खरी परीक्षा घेतो. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत झडपांचा शोध लागला आणि मधले स्वरही सुलभ झाले. ट्रंपेटची दुसरी झडप स्वर अर्ध्या स्वराने, पहिली एका स्वराने व तिसरी दीड स्वराने उतरविते. तिन्हींच्या संयोगांतून सात भिन्न लांबीच्या नळ्या मिळतात. ट्राँबोनमध्ये हेच कार्य सरकत्या नळीची सात स्थाने करतात.

दुधाचे पुढचे दात पडून कायमचे दात स्थिरावल्यावर, म्हणजे साधारणतः दहा ते बारा वर्षांच्या वयात, शिक्षणास आरंभ करणे इष्ट मानतात. प्रथम केवळ मुखिकेवर ओठांचा कंप, नंतर एकच स्वर दीर्घकाळ स्थिर धरणे आणि त्यानंतर स्वरांची चढ-उतार असा क्रम असतो. सुरुवातीस ओठांचे स्नायू लवकर थकतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा दोन तास वाजविण्यापेक्षा रोज पंधरा-वीस मिनिटांचा सराव अधिक फलदायी ठरतो. अंशकालीन शिक्षकाची मुख्य अडचण येथेच आहे. तो आठवड्यातून एक-दोन दिवसच येतो. मधल्या दिवसांचा सराव वरच्या वर्गातील एखाद्या विद्यार्थ्यावर सोपवावा लागतो, आणि ओठांवर मुखिका फार दाबण्यासारखी एकदा जडलेली चुकीची सवय पुढे मोडणे कठीण जाते. निवासी शाळेत मात्र मुले एकत्र राहत असल्याने रोजचा सराव शक्य होतो. हा तिचा मोठा लाभ आहे. वाद्ये सामायिक असली, तरी प्रत्येकास स्वतंत्र मुखिका देणे अगर ती दर वेळी निर्जंतुक करणे आरोग्याच्या दृष्टीने आवश्यक असते.

परभणी जिल्हा : परभणी जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. १९९९ मध्ये त्यातून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. येथील शालेय बँडची प्रमुख कामगिरी १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, १ मे व मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन (१७ सप्टेंबर) या ध्वजवंदनाच्या दिवसांभोवती गुंफली जाते. राष्ट्रगीताचे पूर्ण वादन सु. ५२ सेकंदांत व्हावे, असा संकेत आहे. नवशिक्या बँडची लय श्वास अपुरा पडल्याने नेमकी येथेच ढळते. हवामानाचाही वादनावर परिणाम होतो. हवेचे तापमान १०° से. वरून ४०° से. पर्यंत गेल्यास ध्वनीचा वेग सु. ५ टक्क्यांनी वाढतो व त्या प्रमाणात स्वर चढू लागतो. वाद्यातील हवा श्वासामुळे उबदार राहत असल्याने प्रत्यक्ष फरक याहून कमी असतो. तरीही जानेवारीतील थंड पहाटे वाद्य उतरते व उन्हाळ्यात चढते. म्हणून समारंभापूर्वी वाद्ये फुंकून उबदार करणे व मगच सुरात मिळविणे, हा नियम येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

मराठवाड्यात या वाद्यांचे प्रत्यक्ष ज्ञान बव्हंशी लग्नाच्या वरातीत वाजविणाऱ्या बँडपथकांकडे आहे. परंपरेने वादनाचा व्यवसाय करणाऱ्या आणि सामाजिक दृष्ट्या उपेक्षित राहिलेल्या जातींतील, तसेच मुस्लिम समाजातील अनेक वादक या पथकांत आहेत. त्यांचे शिक्षण श्रवणाने व घरच्या वडीलधाऱ्यांकडून होते. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत विवाह होत नसल्याने या काळात त्यांना काम कमी असते आणि शाळेचे पहिले सत्र जूनच्या मध्यापासून नेमके याच सुमारास चालते. त्यामुळे त्यांच्यापैकी कोणास शाळेत अंशकालीन शिकविणे सोयीचे ठरू शकते. तथापि लेखी स्वरलेखनाचा सराव व प्रमाणपत्र यांचा अभाव नेमणुकीच्या आड येतो. तर लष्करातून निवृत्त झालेला वादक प्रमाणपत्र बाळगूनही खेड्यातील तुटपुंज्या मानधनावर क्वचितच टिकतो.

मूल्यमापन : एकच कॉर्नेट ध्वजस्तंभापाशी वाजला म्हणजे शिस्तीचे चिन्ह ठरतो आणि वरातीत वाजला म्हणजे हलक्या व्यवसायाचे. हा भेद वाद्यात नसून ऐकणाऱ्यांच्या दृष्टीत आहे. वादनकौशल्याची प्रत्यक्ष चाचणी घेऊन बँडपथकांतील जाणत्या वादकांना मानधनावर शिकविण्यास बोलाविल्यास शाळांची गरज भागते, व त्यांच्या घरातील मुलांनाही आपल्या वडिलांची विद्या शाळेच्या अंगणात सन्मानाने वावरताना दिसते. त्याबरोबर स्वरलेखनाचे शिक्षण जोडले, तर विद्यार्थ्यांपुढे लष्कर व पोलीस यांच्या बँडांचा मार्गही खुला राहतो. तसे न झाल्यास सणापुरते वाजणारे व एरवी कपाटात काळवंडणारे वाद्य, हेच अनेक शालेय बँडांचे भवितव्य ठरण्याचा संभव आहे.