तहारतचा पहिला धडा : लहान मुलगे आणि शौचाची सवय

मूल सात वर्षांचे झाले की त्याला नमाजची ताकीद करा, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आहे. त्या वयात आपण मुलाला टोपी घालतो, मुसल्ल्यावर शेजारी उभे करतो. पण नमाजची पहिली अट पाकी आहे आणि पाकीचा धडा सातव्या वर्षी सुरू होत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, घरातल्या मोरीत सुरू होतो.

मुलींना हा धडा आपण लवकर आणि काटेकोरपणे देतो. मुलग्याचा विषय निघाला की मात्र "मुलगाच आहे, कुठेही उभा राहील" असे म्हणून मोकळे होतो. प्रवासात गाडी थांबवायची आणि त्याला रस्त्याच्या कडेला उभे करायचे. हाच मुलगा मोठा होऊन भिंतीकडे तोंड करतो, तेव्हा मग नगरपालिकेला बोल लावायचा! लोकांच्या वाटेवर आणि लोक विसावतात त्या सावलीत घाण करू नये, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. हा हुकूम मुलग्यांनाही तितकाच लागू आहे.

सुरुवात कधी करावी? साधारण दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान मूल तयार होते. मुलग्यांना मुलींपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो, त्यामुळे बहिणीशी किंवा शेजारच्या मुलीशी तुलना नको. वयापेक्षा खुणा पाहाव्यात. लंगोट किंवा डायपर दोनेक तास कोरडा राहतो का? शी लागली की मूल कोपऱ्यात जाऊन उभे राहते का? "इकडे ये", "खाली बस" एवढे त्याला समजते का? ओले झाले की ते कुरकुरते का? यातल्या बऱ्याचशा खुणा दिसल्या की समजावे, वेळ आली. घरात नवे बाळ आले असेल, घर बदलायचे असेल किंवा मूल आजारी असेल तर थोडे थांबावे. खतना नुकताच झाला असेल, तर जखम पूर्ण बरी होऊ द्यावी. दुखत असताना बसवले, तर त्या जागेचीच धास्ती मनात बसते. उन्हाळा सुरुवातीला सोयीचा. अंगावर कपडे कमी असतात आणि धुतलेले लवकर वाळतात.

आपल्या आज्या-नान्या बाळाला पसरलेल्या पायांवर बसवून 'शू... शू...' करत. त्यामागे अनुभव होता. पोटात अन्न गेले की आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून न्याहारी किंवा जेवणानंतर पाच-दहा मिनिटे बसवले तर शी होण्याची शक्यता जास्त असते. सकाळी उठल्यावर, झोपण्यापूर्वी आणि दिवसा दर दोनेक तासांनी शूला न्यावे. मोठ्या भांड्याच्या खड्ड्याची मुलांना भीती वाटते. आपण पडू, असे त्यांना वाटते. म्हणून सुरुवातीला प्लॅस्टिकचे छोटे भांडे शौचालयातच ठेवावे. पाय जमिनीला टेकलेले असावेत. झाल्यावर त्याच्यासमोर ते शौचालयात ओतून पाणी टाकावे, म्हणजे कोणती गोष्ट कुठे जाते हे त्याला कळते. पँट नाडा-बटणाची नको, इलॅस्टिकची हवी, म्हणजे त्याची त्याला खाली ओढता येते.

मुलग्याला सुरुवातीपासून शूसाठीही बसायला शिकवावे. या वयात शू आणि शी बहुधा एकत्रच होते, शिवाय बसल्याने शिंतोडे उडत नाहीत. प्रेषितांची (स.) सवयही बसण्याचीच होती. पुढचे सगळे याच वेळी, सहज बोलता बोलता शिकवता येते. आत जाताना डावा पाय, बाहेर येताना उजवा. दुआ. घाईने न उठता शेवटचा थेंब पडू देणे. डाव्या हाताने धुणे आणि मग साबणाने दोन्ही हात स्वच्छ करणे. लघवीच्या शिंतोड्यांपासून न जपणाऱ्याच्या कबरीतील अजाबाची हदीस आपण जाणतो. ती आपल्या, मोठ्यांच्या विचारासाठी आहे. अडीच वर्षांच्या पोराला तिची भीती घालू नये. बालिग होईपर्यंत त्याच्या नावे गुनाह लिहिलाच जात नाही.

घरातल्या बायांना काळजी असते ती कपड्यांची आणि मुसल्ल्याची. फक्त दुधावर असलेल्या मुलग्याच्या लघवीवर पाणी शिंपडले तरी पुरते, असे शाफई मसलक मानतो. कोकणातली बहुतेक घरे शाफई आहेत. हनफी मसलकात मात्र कपडा धुवावाच लागतो. मूल अन्न खाऊ लागले की दोन्हीकडे धुणे जरुरी ठरते. शौचाची सवय लावताना मूल अन्न खातच असते. म्हणून या दिवसांत नमाजचे कपडे आणि मुसल्ला वेगळा, उंचावर ठेवावा. आईची चिडचिड निम्मी कमी होते.

कारण शू चुकून होणारच. तेव्हा मशिदीत लघवी करणाऱ्या त्या खेडवळ अरबाची हदीस आठवावी. सहाबी त्याच्यावर धावले, पण प्रेषितांनी (स.) त्याला पुरे करू दिले, त्यावर बादलीभर पाणी ओतायला सांगितले आणि नंतर त्याला मायेने समजावले. तो तर जाणता माणूस होता, आणि जागा मस्जिद-ए-नबवी! आपल्यासमोर आहे दोन वर्षांचे लेकरू आणि घरातली फरशी. तरीही आपण चापट मारतो, पाहुण्यांसमोर हसतो, कुठे कुठे तर चटक्याची धमकी देतो. भ्यालेले मूल शी दाबून धरते, मग ती कडक होते, बाहेर पडताना दुखते आणि मूल आणखी दाबते. हे चक्र मोडायला पाणी, फळे, भाजी आणि डाळ हवी. चहात बुडवलेली खारी आणि बिस्किटे कमी करावीत.

आम्ही शिक्षक या सवयीची फळे वर्गात पाहतो. शू लागली हे सांगायला लाजणारी, दुपारपर्यंत मांड्या आवळून बसणारी मुले दर वर्षी पहिलीत येतात. त्यांचे लक्ष फळ्याकडे कसे असणार? म्हणून बालवाडीत घालण्यापूर्वी मुलाला तीन गोष्टी याव्यात : शू लागली हे मोठ्याने सांगणे, पँट स्वतः काढणे-चढवणे आणि स्वतः धुणे. त्याच वेळी हेही सांगावे की ती जागा त्याची खासगी आहे. आई-बाबा किंवा त्यांच्यासमोर डॉक्टर सोडून तिथे कुणी हात लावला, तर घरी येऊन लगेच सांगायचे. हयेचा धडा तो हाच.

रात्रीचा कोरडेपणा दिवसाच्या मागून येतो. पाच वर्षांपर्यंत अंथरूण ओले होणे हा आजार नव्हे, आणि मुलग्यांमध्ये ते जास्त आढळते. झोपण्याआधी शूला न्यावे, गादीवर रबरी कापड घालावे आणि सकाळी गाजावाजा न करता चादर बदलावी. मात्र कोरडे राहणारे मूल अचानक ओले करू लागले, लघवी करताना रडू लागले, धार बारीक झाली किंवा तहान फार वाढली, तर तावीज शोधत बसू नये. थेट डॉक्टरकडे न्यावे.

शेवटी एक गोष्ट वडिलांसाठी. मुलगा आपल्याकडे पाहूनच शिकतो. वडिलांनी सुट्टीच्या दिवशी तरी त्याला स्वतः शौचाला न्यावे, धुवायला शिकवावे आणि प्रवासात भिंत न शोधता शौचालय शोधावे. आईने एकटीने महिनोन्महिने शिकवलेले बाप रस्त्याच्या कडेला एका मिनिटात पुसून टाकू शकतो. पुढे वुजू आणि नमाज शिकवायची हौस ज्याला आहे, त्याने आज मुलाच्या हाती पाण्याचा लोटा द्यावा आणि शेजारी बसावे.