ब्राउझरमधलं क्रिप्टो वॉलेट कसं सुरू करायचं? आणि 'कन्फर्म' दाबण्याआधी काय तपासायचं?

जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवर सायबर हल्ला झाला. सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे तेव्हाच्या दराने १९०० कोटी रुपयांहून अधिक किमतीची क्रिप्टो चलनं चोरीला गेली. एक्स्चेंजने ग्राहकांना क्रिप्टो काढून घेणं बंद केलं. तिथली खरेदी-विक्री पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला.

अशा प्रत्येक घटनेनंतर एक सल्ला हमखास ऐकू येतो: "एक्स्चेंजवर ठेवू नका, स्वतःच्या वॉलेटमध्ये घ्या."

हा सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. स्वतःच्या वॉलेटमध्ये क्रिप्टो आणली की एक्स्चेंज बुडण्याची भीती जाते. त्याच वेळी एक्स्चेंजचं सगळं काम तुमच्या अंगावर येतं. पासवर्ड विसरलात तर तो बदलून देणारं कुणी नाही आणि चुकीचा व्यवहार झाला तर तो थांबवणारंही कुणी नाही.

क्रिप्टोत पैसे गुंतवावेत की नाही, हा इथला विषय नाही. पण वॉलेट सुरू करणारच असाल, तर ते कसं चालतं आणि पैसे नेमके कुठून जातात, हे आधी समजून घेऊया. उदाहरण म्हणून मेटामास्क घेऊ. कन्सेन्सिस या कंपनीने २०१६ मध्ये आणलेलं हे इथेरियमचं वॉलेट क्रोम, फायरफॉक्स, एज आणि ब्रेव्हमध्ये एक्स्टेन्शन म्हणून चालतं.

वॉलेटमध्ये पैसे नसतात, मग काय असतं?

'वॉलेट' म्हटलं की पैशांचं पाकीट डोळ्यांसमोर येतं. इथे तसं नाही.

शेतजमिनीचं उदाहरण घ्या. तुमचं शेत कपाटात नसतं. ते कुणाचं आहे याची नोंद सातबाऱ्यावर असते, आणि ते विकायचं तर तुमची सही लागते. क्रिप्टोतही कुणाकडे किती नाणी आहेत याची नोंद ब्लॉकचेन या सार्वजनिक वहीत असते. ती वही जगभरातल्या हजारो संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. वॉलेटमध्ये असते ती फक्त सही करण्याची गुप्त किल्ली, म्हणजे प्रायव्हेट की.

एक मोठा फरक आहे. जमिनीच्या कागदावर कुणी खोटी सही केली, तर कोर्टात दाद मागता येते. ब्लॉकचेनला खरी-खोटी माणसं कळत नाहीत. किल्ली ज्याच्या हातात, तोच मालक.

त्यामुळे इथे तीन गोष्टींची गल्लत करून चालत नाही:

ॲड्रेस: '०एक्स'ने सुरू होणारा ४२ अक्षरांचा पत्ता. हा बँक खात्याच्या नंबरसारखा असतो आणि पैसे मागवण्यासाठी कुणालाही देता येतो. मात्र तो माहीत असलेल्या कुणालाही तुमची शिल्लक आणि व्यवहार इथरस्कॅनसारख्या साइटवर पाहता येतात.

पासवर्ड: हे फक्त तुमच्या त्या एका ब्राउझरवरचं कुलूप आहे. तो बदलला म्हणून किल्ली बदलत नाही.

१२ शब्द: यांना सीड फ्रेज किंवा सीक्रेट रिकव्हरी फ्रेज म्हणतात. २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून हे शब्द निवडले जातात आणि त्यांच्यापासूनच तुमच्या सगळ्या किल्ल्या तयार होतात. लॅपटॉप फुटला तरी या शब्दांवरून वॉलेट दुसऱ्या संगणकावर परत मिळतं. पण तेच शब्द दुसऱ्याला मिळाले, तर त्याला ना तुमचा लॅपटॉप लागतो, ना पासवर्ड, ना ओटीपी.

हे शब्द अंदाजाने ओळखता येतील का? नाही. शक्य असलेल्या जोड्यांची संख्या ३४ वर ३७ शून्यं इतकी आहे. म्हणून चोर अंदाज बांधत बसत नाहीत. ते शब्द तुमच्याकडूनच काढून घेतात, नाहीतर तुमच्याकडूनच सही करून घेतात.

वॉलेट सुरू करताना

पायरी १: योग्य जागेवरूनच डाउनलोड करा. गूगलवर शोधून सगळ्यात वर दिसणाऱ्या लिंकवर क्लिक करू नका, ती जाहिरात असू शकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीने अशाच बनावट जाहिरातींचा प्रकार उघड केला होता. हुबेहूब दिसणाऱ्या साइटवर नेऊन काही दिवसांत लोकांची पाच लाख डॉलरहून अधिक रक्कम लुटली गेली होती. मेटामास्क डॉट आयओ हा पत्ता स्वतः टाइप करा आणि तिथूनच तुमच्या ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरवर जा.

पायरी २: ब्राउझर वेगळा ठेवा. क्रिप्टोसाठी वेगळा ब्राउझर, निदान वेगळं प्रोफाइल वापरा. त्यात दुसरी एक्स्टेन्शन्स नकोत, कारण काही एक्स्टेन्शन्सना तुम्ही उघडलेलं प्रत्येक पान वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी असते. ऑफिसचा किंवा सायबर कॅफेतला संगणक यासाठी वापरूच नका.

पायरी ३: नवं वॉलेट तयार करा. आधी पासवर्ड ठरवा. इतर कुठेही न वापरलेला आणि लांबलचक पासवर्ड हवा.

पायरी ४: १२ शब्द कागदावर लिहा. क्रमानं, सुवाच्य अक्षरात, इंग्रजी स्पेलिंगसह लिहा. दोन प्रती करून त्या दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. स्क्रीनशॉट नको, मोबाइलने फोटो नको, स्वतःलाच व्हॉट्सॲप करणं नको आणि ईमेलच्या ड्राफ्टमध्येही नको. ही भीती उगाच घातलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्की कंपनीने 'स्पार्ककॅट' नावाचा मालवेअर शोधला. तो फोनमधल्या फोटोंतला मजकूर वाचून सीड फ्रेज शोधत होता आणि चक्क गूगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवरच्या काही ॲप्समध्ये तो सापडला.

पायरी ५: पैसे टाकण्याआधी कागद तपासा. वॉलेट रिकामं असतानाच एक्स्टेन्शन काढून टाका, पुन्हा घाला आणि कागदावर पाहून १२ शब्द भरा. पहिल्यासारखाच ॲड्रेस दिसला, तर कागद बरोबर आहे. स्पेलिंगची चूक आज सापडली तर काहीच बिघडत नाही. तीच वर्षभराने, लॅपटॉप बंद पडल्यावर सापडली तर सगळं गेलं.

पायरी ६: आधी खोट्या पैशांवर सराव करा. सेपोलिया नावाचं इथेरियमचं चाचणी नेटवर्क आहे. तिथलं चाचणी इथर फुकट मिळतं आणि त्याची किंमत शून्य असते. पैसे पाठवणं, फी भरणं, व्यवहाराची नोंद शोधणं हे सगळं तिथे शिकून घ्या.

एक्स्चेंजवरून पैसे आणताना

तुमच्या एक्स्चेंजवर क्रिप्टो बाहेर पाठवण्याची सोय आहे का, हे आधी बघा. असेल तर नेटवर्क नीट निवडा. तेच नाणं वेगवेगळ्या नेटवर्कवर असू शकतं, आणि चुकीच्या नेटवर्कवर पाठवलेली रक्कम परत मिळवणं कधी कटकटीचं, तर कधी अशक्य असतं.

पहिल्यांदा अगदी छोटी रक्कम पाठवा आणि ती पोचल्यावरच उरलेली पाठवा. इथेरियमवर प्रत्येक व्यवहाराला गॅस फी लागते, आणि ती इथरमध्येच द्यावी लागते. म्हणून दुसरी नाणी असली तरी थोडं इथर शिल्लक ठेवावं लागतं.

ॲड्रेस कॉपी करताना जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. चोर तुमच्या नेहमीच्या ॲड्रेससारखी सुरुवात आणि शेवट असलेला ॲड्रेस तयार करतात आणि त्यावरून तुम्हाला किरकोळ रक्कम पाठवतात, म्हणजे तो यादीत दिसू लागतो. मे २०२४ मध्ये एका व्यक्तीने अशाच सापळ्यात अडकून सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरची क्रिप्टो चोराला पाठवून दिली. त्यातली बरीचशी रक्कम चोराने पुढे परत केली, पण तो अपवाद समजा. ॲड्रेसची पहिली आणि शेवटची चार अक्षरं जुळली म्हणून थांबू नका, मधलीही तपासा.

खरा धोका कुठे आहे? सही करण्यात

१२ शब्द कुणालाही सांगायचे नाहीत, हे एव्हाना बऱ्याच जणांना माहीत असतं. पण शब्द तिजोरीत असतानाही वॉलेट रिकामं होऊ शकतं. कारण वॉलेटचं काम सही करणं हे आहे, आणि सही तुम्हीच देता.

एखादी क्रिप्टो साइट वापरताना मेटामास्कची खिडकी उघडते. तिच्यात साधारण चार प्रकारच्या गोष्टी विचारल्या जातात.

पहिली, कनेक्ट. यात साइटला तुमचा ॲड्रेस आणि शिल्लक दिसते. एवढ्याने पैसे जात नाहीत.

दुसरी, थेट व्यवहार. यात अमुक रक्कम अमुक ॲड्रेसवर जाते.

तिसरी, परवानगी, म्हणजे अप्रूव्ह. यात तुम्ही एखाद्या प्रोग्रामला सांगता की माझ्या वॉलेटमधून इतकी नाणी तू परस्पर काढू शकतोस. बऱ्याचदा तिथे मर्यादाच नसते. हे कुलमुखत्यारपत्र करून दिल्यासारखं आहे. आज काही गेलं नाही, तरी उद्या, महिन्याने, तुम्ही झोपेत असतानाही जाऊ शकतं.

डिसेंबर २०२१ मध्ये बॅजरडाओ या प्रकल्पात नेमकं हेच घडलं. हल्लेखोरांनी त्यांच्या खऱ्या वेबसाइटमध्येच कोड घुसवला आणि नेहमीच्या व्यवहारांबरोबर जास्तीची परवानगी मागायला सुरुवात केली. लोकांनी खऱ्या साइटवर, नेहमीच्या सवयीने 'कन्फर्म' दाबलं. सुमारे १२ कोटी डॉलर गेले. कुणाचेही १२ शब्द चोरीला गेले नव्हते.

चौथी, नुसती सही. यात गॅस फी लागत नाही, म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटते. जानेवारी २०२३ मध्ये केव्हिन रोझ या अमेरिकी उद्योजकाने अशीच एक सही केली आणि त्यांच्या संग्रहातले ४० च्या आसपास एनएफटी गेले. किंमत दहा लाख डॉलरहून अधिक होती. रोझ नवखे नव्हते, 'मूनबर्ड्स' हा गाजलेला एनएफटी प्रकल्प त्यांचाच.

कोऱ्या कागदावर सही करू नये, हे आपल्याकडे लहानपणापासून सांगितलं जातं. इथे त्याचा अर्थ एवढाच: खिडकीत काय लिहिलंय ते समजत नसेल, तर 'रिजेक्ट' दाबा. रिजेक्ट केल्याने पैसे जात नाहीत. फार तर एखादी ऑफर हुकते.

रोजच्या वापरात हे पाळा:

दोन वॉलेट ठेवा. एक बचतीचं, जे कुठल्याही साइटला जोडायचं नाही. दुसरं वापराचं, ज्यात गमावली तरी झेपेल एवढीच रक्कम असेल. बचतीच्या वॉलेटचे १२ शब्दही वेगळे हवेत.

परवानगी देताना मर्यादेचा आकडा स्वतः टाका. जेवढं लागतंय तेवढंच.

दिलेल्या परवानग्या अधूनमधून तपासा. इथरस्कॅनवर त्या पाहण्याची आणि रद्द करण्याची सोय आहे. रद्द करायलाही थोडी गॅस फी लागते. मेटामास्कमधून 'डिस्कनेक्ट' केलं म्हणजे परवानगी रद्द होत नाही, हे लक्षात असू द्या.

रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट घ्या. लेजर, ट्रेझरसारख्या उपकरणात किल्ली राहते आणि ती मेटामास्कला जोडता येतात. पण न वाचता सही केली तर हार्डवेअर वॉलेटही वाचवू शकत नाही.

वॉलेटमध्ये अचानक अनोळखी टोकन किंवा एनएफटी आलं, तर त्याला हात लावू नका. 'बक्षीस घ्या' म्हणणाऱ्या साइटवर नेऊन सही घेण्याचा तो सापळा असतो.

टेलिग्राम किंवा एक्सवर 'मेटामास्क सपोर्ट' म्हणून कुणी बोलायला आलं, तर ब्लॉक करा. खरी कंपनी १२ शब्द कधीच मागत नाही.

दोन गोष्टी ज्या हमखास राहून जातात

एक, कर. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, वर सेस. तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. वॉलेटमध्ये एक नाणं देऊन दुसरं घेतलं, तरी तो करपात्र व्यवहार ठरतो. एक्स्चेंज निदान स्टेटमेंट देतं, वॉलेट देत नाही. तारीख, नाणं, त्या दिवसाचा रुपयांतला दर आणि फी, अशी वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

दोन, घरचे. बँकेत नॉमिनी असतो, या वॉलेटला नसतो. तुमचं काही बरंवाईट झालं आणि त्या कागदाबद्दल कुणालाच माहिती नसेल, तर ब्लॉकचेनवर रक्कम सगळ्यांना दिसत राहील, पण मिळणार कुणालाच नाही. विश्वासातल्या एका तरी माणसाला वॉलेट आहे हे, आणि कागद कुठे आहे हे, सांगून ठेवा.

चोरी झालीच तर?

आधी उरलेली रक्कम वाचवा. नवे १२ शब्द असलेलं वॉलेट तयार करा, शक्यतो दुसऱ्या उपकरणावर, आणि शिल्लक तिथे हलवा. जुन्या वॉलेटचा पासवर्ड बदलत बसू नका, त्याने काहीच होणार नाही. फक्त परवानगीचा गैरवापर झाला असेल, तर ती परवानगी तातडीने रद्द करा.

मग १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रारीत तुमचा ॲड्रेस, चोराचा ॲड्रेस आणि व्यवहाराचा हॅश, म्हणजे ओळख क्रमांक, द्या. ब्लॉकचेनवरचा व्यवहार पोलिसांनाही उलटवता येत नाही. पण चोरीचा माल एखाद्या एक्स्चेंजवर गेला, तर तिथे तो गोठवला जाण्याची शक्यता असते. म्हणून तक्रारीत वेळ घालवू नका.

आणि "तुमची क्रिप्टो परत मिळवून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. एकदा लुटल्या गेलेल्या माणसाला पुन्हा लुटण्याचा तो जुना धंदा आहे.