निवृत्तीनंतर दवाखान्याचे काय?

आपल्या भागातील पुष्कळ मंडळी गोव्याच्या कारखान्यांत किंवा दांडेलीत नोकरी करून साठीच्या आसपास अणशीला परततात. पीएफचे कागद सगळे आठवणीने भरतात. दवाखान्याच्या कागदांची आठवण मात्र दुखणे आल्यावरच होते. म्हणून पालकांसाठी आम्ही ही माहिती देत आहोत. विद्यार्थ्यांनी ती घरी आजी-आजोबांना वाचून दाखवावी.

पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर निवृत्तीबरोबर ती सोय संपते असा समज आहे. तो चुकीचा आहे. किमान 5 वर्षे विमाधारक राहून वयोमानाने निवृत्त झालेल्याला वर्षाला फक्त 120 रुपये आगाऊ भरून स्वतःसाठी आणि पत्नी किंवा पतीसाठी उपचार चालू ठेवता येतात. स्वेच्छानिवृत्ती घेतली तरीही हे लागू आहे. मुलांना मात्र यात धरत नाहीत. निवृत्तीचा पुरावा लागतो, तेव्हा कंपनीतून निघतानाच दाखला मागून घ्यावा. दहा वर्षांनी तो मागायला गेलात तर कारखाना तरी जागेवर असेल का? दांडेलीत ईएसआयचे हॉस्पिटल आहे, ही आपल्याला त्यातल्या त्यात जवळची सोय.

गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना तिथल्या रहिवाशांसाठी आहे, त्यासाठी 5 वर्षांचे वास्तव्य लागते. गावी परतल्यावर तिच्यावर विसंबू नये. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातही 2018 पासून बाहेरच्या रुग्णांना फी लागते.

आपल्या राज्यात 2018 पासून आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आहे. बीपीएल रेशनकार्ड असल्यास कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. एपीएल असल्यास सरकार ठरलेल्या दराच्या 30 टक्केच देते, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. उरलेले घरचे. मोठ्या उपचारांसाठी आधी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते, तातडीच्या वेळी नाही. त्यामुळे नोकरीच्या गावी असलेले रेशनकार्ड परतल्याबरोबर इकडे बदलून घ्यावे. हे काम रेंगाळते, असा आमचा अनुभव आहे.

सत्तरी पूर्ण केलेल्या सर्वांसाठी, उत्पन्न कितीही असो, केंद्र सरकारने 29 ऑक्टोबर 2024 रोजी 5 लाखांचे आयुष्मान कार्ड जाहीर केले. वय आधारकार्डावरून धरतात. अंमलबजावणी राज्यामार्फत होते, म्हणून कारवार किंवा हुबळीला दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावे. आधारवर जन्मसाल चुकले असेल तर ते आत्ताच दुरुस्त करावे.