पोट न फाडता वजन कमी : आधी डुकरावर का तपासतात?



"पोट न फाडता वजन कमी करा," अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर दिसतात. बैठकीत बायका आम्हाला विचारतात, यात कितपत खरं आहे? म्हणून असा उपचार माणसापर्यंत कसा पोचतो, ते आज सांगतो.

दुर्बीण म्हणजे बोटाएवढी जाड, वाकणारी नळी. टोकाला दिवा आणि कॅमेरा. ती तोंडातून जठरात घालतात आणि आतूनच टाके घालून जठर अरुंद करतात, पिशवीला चुण्या घालाव्यात तसं. मग थोडं खाल्लं तरी पोट भरतं.

अशी नवी पद्धत सहसा आधी डुकरावर तपासतात. डुकराचं जठर आकाराने आपल्या जठराच्या बरंच जवळचं असतं, त्यामुळे माणसाची दुर्बीण तिथे चालते. उंदराच्या पोटात ती मावणार कशी? डुकराला भूल देऊन टाके घालतात. पुढे काही आठवडे बघतात : टाके टिकले का, भोक पडलं का, रक्त गेलं का. शेवटी बहुधा त्याला मारून जठर तपासतात. ही किंमत तो मुका जीव देतो, हे विसरू नये. आपल्या देशात अशा प्रयोगांवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीची देखरेख असते.

पण डुकरावरून सगळं कळत नाही. कोवळं डुक्कर वाढतच असतं. म्हणून त्याचं वजन उतरलं का, यापेक्षा इतर डुकरांहून कमी वाढलं का, हे बघावं लागतं. शिवाय त्याला सणाला पोळीचा आग्रह होत नाही, की काळजीने ते जास्त खात नाही.

एक उदाहरण घ्या. लहान आतड्याच्या सुरुवातीला प्लास्टिकचं पातळ अस्तर बसवायची एक पद्धत निघाली, तिचं नाव एंडोबॅरियर. डुकरांवर तपासून ती माणसांवर आली. पण अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत शंभरातल्या तीन-चार जणांच्या यकृतात पू झाला आणि २०१५ मध्ये चाचणी थांबवली.

टाक्यांच्या पद्धतीचा अनुभव वेगळा आला. अमेरिकेतल्या २०९ जणांच्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आला. ज्यांच्यावर उपचार झाला, त्यांचं वजन वर्षभरात सरासरी साडेतेरा टक्के उतरलं. म्हणजे ९० किलोच्या बाईचं साधारण १२ किलो. नुसतं खाणं-व्यायाम सांभाळणाऱ्यांचं एक टक्काही उतरलं नाही. पण टाके घातलेल्यांनाही पथ्य आणि व्यायाम होताच.

तेव्हा एखादीने यासाठी गटाकडे कर्ज मागितलं, तर तिला हसू नका, अडवूही नका. तिच्यासोबत डॉक्टरकडे जा आणि विचारा : ही पद्धत माणसांवर तपासली आहे का? किती जणांवर, किती वर्षं? त्रास कोणाला झाला? नंतर तपासणीला कुठे यायचं, त्याचा खर्च किती?

"प्राण्यांवर यशस्वी" एवढंच उत्तर मिळालं, तर पैसे भरायची घाई करू नका. प्राण्यावरची चाचणी म्हणजे फक्त उंबरठा, घर अजून पुढे आहे.