खारं, गढूळ आणि नितळ

वडखळच्या नाक्यावरून अलिबागकडे वळलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना खारेपाट लागतो. जुलैत इथे नजर जाईल तिथवर पाणीच: खाचरात, खाजणात, तळ्यात, खाडीत. त्याच गावांत एप्रिल-मेमध्ये बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट बघत बसतात. एवढ्या पाण्यात राहून प्यायला घोटभर चांगलं पाणी का नाही, असं पारावर विचारा. उत्तर ठरलेलं आहे: "कंपन्यांनी नासवलं सगळं."

उत्तर खोटं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आपल्याच गोठ्यामागे, संडासाच्या खड्ड्याजवळ आणि युरियाच्या गोणीत असतं. ते मान्य करणं जिवावर येतं, म्हणून कुणी बोलत नाही.

"सगळी घाण कारखान्यांची"

आधी कारखान्यांचं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशभरातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांतले ५३ महाराष्ट्रातले, म्हणजे सगळ्या राज्यांत जास्त. त्या यादीत रोह्याची कुंडलिका आहे, खोपोली-रसायनीवरून येणारी पाताळगंगा आहे, महाडची सावित्री आहे. या तिन्ही नद्यांच्या काठी रासायनिक कारखान्यांच्या वसाहती आहेत, आणि खालच्या अंगाला खाडीवर जगणारी कोळी-आगरी गावं. पाण्याला वास येतो, मासा मरून वर येतो, जाळं रिकामं येतं, ही तक्रार तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची झाली आहे. पुढे जे लिहिणार आहे त्याने कारखान्यांचा दोष तसूभरही कमी होत नाही.

पण नागाव किंवा चौलच्या वाडीतल्या विहिरीत कुंडलिका येत नाही. त्या विहिरीचं पाणी म्हणजे आजूबाजूच्या चार-दोन एकरांत मुरलेला पाऊस. मुरताना वाटेत जे भेटेल ते तो सोबत घेऊन येतो: उकिरड्याचा रस, शोषखड्ड्याचं पाणी, पोफळीच्या आळ्यात टाकलेलं खत. म्हणून खाडी बिघडली तर वरच्या अंगाला बघावं, आणि विहीर बिघडली तर तिच्याभोवती फेरी मारावी. आपण बहुतेक वेळा उलटं करतो.

"वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं"

हे देशावरच्या नदीला थोडंफार लागू पडतं. वाहताना पाण्यात हवा मिसळते, हवेतला ऑक्सिजन घेऊन सूक्ष्मजीव घाण खातात, आणि काही कोसांनी पाणी सावरतं. अर्थात घाण शेण-मैल्याची असेल तर. क्षार, जड धातू किंवा बरीचशी रसायनं अशी खाऊन संपत नाहीत.

शिवाय आपल्याकडे पाणी एका दिशेने वाहतच नाही. दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी भरती येते आणि ओहोटीने खाली नेलेलं पाणी पुन्हा वर आणून ठेवते. धरमतरच्या खाडीत सकाळी सोडलेली घाण संध्याकाळी परत दारात. पावसाळ्यात वरून पुराचा रेटा असतो, त्यामुळे खाडी धुऊन निघते. उन्हाळ्यात तो रेटा नाही, म्हणून तेच पाणी दिवसेंदिवस वर-खाली हिंदकळत राहतं.

कुंडलिकेचं तर वेगळंच आहे. ती उन्हाळ्यातही वाहते, कारण मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून तिच्यात उतरतं. म्हणजे घाटावरचं, भीमेकडे जायचं पाणी कोकणात येऊन तिला जिवंत ठेवतं. ज्या मुळशीसाठी १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तिथलंच हे पाणी. बारमाही वाहणारी नदी बघून माणसाला वाटतं, हिला काय होणार! ती प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आहे, एवढं ध्यानात ठेवावं.

"शेत खारं झालं, म्हणजे प्रदूषणाने गेलं"

खारेपाटातली जमीन मुळात खाडीकडून मागून घेतलेली. जुन्या कुलाबा जिल्ह्यात अशी खाजणं बांध घालून लागवडीखाली आणणाऱ्यांसाठी शिलोत्री नावाची वेगळी धारापद्धतच होती. बांधाला उघाडी असते. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिच्या झडपेला ढकलून बाहेर पडतं, भरतीला बाहेरचा दाब तीच झडप मिटवून टाकतो. यंत्र नाही, वीज नाही. झडपेत एखादा ओंडका अडकला किंवा ती कुजली, तर मात्र खाडी गुपचूप आत येते.

आणि उधाणाला बांधच फुटला, खांड गेली, तर समुद्राचं पाणी शेतावर चढतं. त्याच्या दर लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. पण मीठ विष नाही, आणि खारं झालेलं शेत कायमचं गेलं असंही नाही. किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. खांड बुजवली, उघाडी दुरुस्त केली आणि पहिल्या पावसांचं पाणी शेतात कोंडून ओहोटीला सोडून दिलं, असं काही वेळा केलं, की वरच्या थरातलं मीठ उतरतं. कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ हे खारं सोसणारे भाताचे वाण त्यासाठीच काढले. शेत खरंच हातचं जातं ते खांड वर्षानुवर्षं उघडी राहिली की. तिवरं उगवतात, दाट होतात, आणि २००५ मध्ये उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला मनाई केल्यापासून ती जमीन परत भाताखाली आणणं जवळपास अशक्य होऊन बसतं. तिवरांवर राग काढून उपयोग नाही, बांधाची धूप तीच थांबवतात. त्यांची जागा बांधाच्या बाहेर, एवढंच.

विहीर खारी होण्याचं कारण आणखी वेगळं. पुळणीच्या जमिनीत गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. हिशेब असा की समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली चाळीस फूट असतं. उलटंही तेवढंच खरं: उपसून वरची पातळी एक फूट उतरवली, तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकतं. कातळात हे गणित इतकं नेमकं चालत नाही, तिथे भेगांचा कारभार. पण किनाऱ्याच्या रेताड पट्ट्यात रहाटाने शिंपणं काढणारी विहीर शंभर वर्षं गोडी राहते आणि शेजारी दहा खोल्यांच्या लॉजची बोअर सुरू झाली की चार उन्हाळ्यांत मचूळ होते, त्यात नवल नाही. तिथे कुणी काही ओतलेलं नसतं, उपसलेलं असतं.

"टाकलेला युरिया भातालाच जातो"

उभ्या पाण्यात फेकलेल्या युरियातला नत्र भाताला मिळतो तो साधारण तीस ते चाळीस टक्के. बाकीचा बराचसा अमोनिया होऊन उडतो, काही जमिनीत वायू होऊन निघून जातो, आणि टाकल्यावर तासाभरात जोराची सर आली तर बांधावरून वाहून खाडीला मिळतो. आपण मात्र पानं पिवळी दिसली की अजून एक गोणी आणतो.

यावरचा उपाय कोकणातच शेतावर सिद्ध झाला आहे. डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री: रोपवाटिकेत तुसाची राख, खाचरात गिरिपुष्पाचा पाला, दोरीवर मोजून लावणी, आणि लावणीच्याच दिवशी चार चुडांच्या चौकोनात एक, अशा २.७ ग्रॅमच्या युरिया-डीएपीच्या गोळ्या सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचणं. चिखलात पुरलेला नत्र उडत नाही, वाहत नाही, मुळांना हळूहळू पोचतो. खत कमी लागतं. मग सगळे का करत नाहीत? लावणीच्या दिवसांत माणूस मिळत नाही आणि वाकून गोळ्या खोचायला कंबर लागते. हे खरं कारण आहे, शेतकऱ्याचा अडाणीपणा नव्हे.

"पाणी नितळ आहे, आणि आम्ही उकळून पितो"

चौल-रेवदंड्याच्या वाडीत पाहुणा गेला की विहिरीचं थंडगार पाणी पुढे येतं, आणि यजमान म्हणतात, "बघा, तळ दिसतो." तळ दिसतो याचा अर्थ पाण्यात माती नाही, एवढाच.

नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. शेण, मूत्र, मैला, युरिया यांतला नत्र हवेशीर मातीत नायट्रेट होतो आणि पाण्याबरोबर सरळ खाली उतरतो. माती त्याला धरून ठेवत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसला तरी तीत सवलत नाही. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही जाणवत नाही. धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला, तोही डब्यातली पावडर अशा पाण्यात कालवून पाजली तर. रक्त ऑक्सिजन वाहू शकत नाही, ओठ-नखं निळसर पडतात. अंगावर पिणाऱ्या बाळाला हा धोका जवळपास नाही.

उकळण्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही. पाणी आटतं तसं उलट दाट होतं. तुरटीने गाळ बसतो, टीसीएलने जंतू मरतात, नायट्रेटला दोन्हींचा पत्ता नसतो. तो काढायचा तर आरओ, नाहीतर दुसरी विहीर.

इथे एक गंमत आहे. भाताच्या खाचराखाली नायट्रेट फारसा तयार होत नाही, कारण साचलेल्या पाण्याखालच्या चिखलात हवाच नसते. म्हणजे ज्या भाताला आपण बोल लावतो तो यात बऱ्यापैकी निर्दोष. संशय घ्यायचा तो भात निघाल्यावर, जमीन भुसभुशीत करून भाजीपाला किंवा कांदा लावतो तेव्हा, आणि वाडीतल्या रेताड आळ्यांत बारमाही खत-पाणी देतो तेव्हा. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भाव आला, माळा रस्त्याकडेला दिमाखाने लटकायला लागल्या. भाव आला की हात सैल होतो, खत वाढतं. एकदम टाकण्यापेक्षा दोन-तीन हप्त्यांत आणि पाणी बेताने, एवढ्याने बराच फरक पडतो. वालाला तर वरून नत्र जवळपास नकोच, तो आपलं आपण बघतो.

"शेण कसलं प्रदूषण करतंय?"

शेण पवित्र असेल, विहिरीत नको. उकिरडा आणि शोषखड्डा विहिरीपासून निदान पंधरा मीटर लांब, आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्यात किंवा भेगाळ कातळात त्याहूनही लांब.

गुरांच्या आणि उंदरांच्या मुताने लेप्टोचे जंतू खाचराच्या पाण्यात येतात आणि पायाच्या भेगांतून शिरतात. "लावणीचा ताप" म्हणून अंगावर काढलेला ताप कधीकधी तोच असतो. दुसऱ्या दिवशीच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावं.

"औषध पावसात धुऊन जातं"

धुऊन जातं ते कुठे? पहिल्या पावसात वलगणीचे मासे ओढ्यांतून खाचरांत चढतात, अंडी घालतात. पिल्लं चिखलात वाढत असतात नेमकी तेव्हा खोडकिडीसाठी दाणेदार औषध पडतं. ज्याची मूठ भरून फेकायची आपल्याला सवय होती, त्या फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे. घरात जुनी पिशवी उरली असेल तर "संपवून टाकू" म्हणून शेतात टाकू नये. खारेपाटात जो जिताडा खाडीतून पिल्लं आणून तळ्यात वाढवतात आणि पाहुण्याला मानाने वाढतात, त्या तळ्यातही हेच पाणी उतरतं.

थोडक्या औषधाने काय होतं, असं वाटत असेल तर एक हिशेब करू. युरोपात पिण्याच्या पाण्यात कोणत्याही एका कीडनाशकाला लिटरमागे ०.१ मायक्रोग्रॅम एवढीच परवानगी आहे. त्या मापाने एक ग्रॅम अस्सल कीडनाशक एक कोटी लिटर पाण्याला पुरतं. फवारणी झाल्यावर पंप विहिरीच्या कठड्यावर किंवा तळ्याच्या पायरीवर विसळायची पद्धत गावोगाव आहे, आणि पंपाच्या तळाशी उरलेल्या घोटभर पाण्यात ग्रॅमाचा काही अंश असतोच. विसळलेलं पाणी त्याच शेतात, त्याच पिकावर फवारून संपवावं. रिकामी बाटली तीनदा विसळून भोक पाडावं, म्हणजे तिच्यात कुणी रॉकेल भरून ठेवणार नाही.

मग आपलं पाणी कसं आहे, हे कळणार कसं?

डोळ्यांनी नाही. ग्रामपंचायतीकडे जल सुरक्षक असतो, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर सार्वजनिक स्रोतांची पाहणी होते, आणि पंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कोणतं, हे ग्रामसभेत विचारता येतं; फार कमी लोक विचारतात. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणी संचाचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. त्यात नायट्रेटची आणि क्लोराइडची चाचणी असते, आणि जंतूंसाठी छोटी बाटली: पाणी भरून दिवस-दीड दिवस ठेवायची, काळी पडली तर पाणी दूषित.

खासगी विहिरी या पाहणीत येत नाहीत. वाडीतली विहीर आपली, तर नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यायचं कामही आपलं. न्यायचा तर दोनदा न्यावा, एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा पावसाने जमीन चांगली भिजवल्यावर. मेमध्ये क्लोराइड चढलेला असेल तर उपसा कमी करायचा. पावसानंतर नायट्रेट आणि जंतू वाढलेले दिसले, तर उकिरडा हलवायचा. आणि उकिरडा हलवला म्हणून पुढच्याच वर्षी आकडा खाली येईल असं नाही. जमिनीत आधीच उतरलेला नायट्रेट निघून जायला काही पावसाळे जातात, तोवर घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्यापुरतं पाणी दुसरीकडून भरावं लागेल.